बाबा ‘एक’वर थांबले

३ नोव्हेंबर

ही वही खरं तर बाबांची. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रोज कुठला शब्द आला, कसा आला, ते तारीख घालून लिहीत जा. म्हणून दोनशे पानी आणली.

आजची नोंद: शब्द एकही नाही, आकडा आला. बाबांना दोन बिस्किटं हवी होती. ‘दोन’ काही येईना. तोंड उघडं ठेवून बसून राहिले. मग ‘एक’ म्हणाले, त्याला धरून ‘दोन’ आपोआप आला, आणि तिथं थांबून माझ्याकडे बघितलं. मॅडम म्हणतात, असं होतं. शब्दाकडे जाणारी सरळ वाट मेंदूत बंद झाली तरी मोजण्याची वाट निराळी असते, ती शाबूत राहते. पाच हवे असतील तर माणूस एकपासून निघतो आणि पाचवर उतरतो. मी ऐकतच राहिले.

एवढं लिहून पान उरलं. बाबा वायरचा वीतभर तुकडासुद्धा फेकत नसत, तेव्हा उरलेल्या पानावर माझंच लिहिते. कोणाला तरी सांगायलाच हवं आहे.

मी रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये सर्व्हर सांभाळते. गावातून कोणीही गाडीसाठी फोन केला की समोरच्या खोलीत तो घेतात, नाव-पत्ता टाइप करतात आणि यंत्र जवळची गाडी सुचवतं. सव्वीस सप्टेंबरला सकाळी दहा चाळीसला ते गोठलं. सगळ्या नोंदी जिथं साठतात त्या डिस्ककडे जाणारी केबल सैल झाली होती, आणि रस्ता तेवढा एकच होता. अकरा मिनिटं सगळं बंद. नेमका त्याच वेळी घरी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. आईनं मला तीन फोन केले, दहा एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. मी तिन्ही कट केले. मी मागच्या खोलीत तोंडात बॅटरी धरून ती केबल शोधत होते.

चार दिवसांनी सिस्टिममध्ये आमच्या घराची नोंद काढून बघितली. फोन घेतला १०.५२. गाडी निघाली १०.५२. पोचली १०.५३. गाडी नशिबानं गल्लीच्या तोंडाशीच असावी. पण त्याआधीची अकरा मिनिटं बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होते, आणि ती माझ्या यंत्रानं खाल्ली. डॉक्टर म्हणाले होते, अशा वेळी मिनिटामिनिटाला मेंदू जातो. बाबांचं बोलणं त्या अकरा मिनिटांत गेलं असेल का, हे मी कोणालाही विचारलेलं नाही. घरात सांगितलेलंही नाही.

नवीन सामान मंजूर झालं आहे.

५ नोव्हेंबर

सात खोकी आली. मी लग्नघरातल्या माणसासारखी दिवसभर त्यांच्याभोवती फिरत होते.

आधी एक सर्व्हर होता, एक डिस्कपेटी, मध्ये एक केबल. आता सर्व्हर दोन. एक आडवा झाला तर दुसरा काम उचलेल. डिस्कपेटी मात्र दोघांत एकच, कारण दोघांनी तेच वाचायला आणि तेच लिहायला हवं. नाहीतर याला माहीत असलेला फोन त्याला माहीत नसायचा. त्या पेटीला दोन तोंडं आहेत आणि मध्ये दोन स्विच, म्हणजे दिव्याची बटणं नव्हेत, केबली एकत्र जोडणारे डबे. प्रत्येक सर्व्हरपासून एक केबल या स्विचला, एक त्या स्विचला, आणि तिथून पेटीच्या दोन्ही तोंडांना. म्हणजे डिस्क एक आणि रस्ते चार. याला मल्टिपाथ म्हणतात.

समोरच्या खोलीत सव्वीस वर्षं फोन घेणाऱ्या बाई आहेत. त्यांना सगळे वहीवाल्या बाई म्हणतात, कारण त्या प्रत्येक फोन आधी लांबलचक वहीत पेन्सिलीनं लिहितात आणि मग टाइप करतात. त्या खोकी बघायला आल्या.

“बाई, आता तुमची दोनदा लिहायची कटकट संपली.”

“कटकट कोण म्हणालं?”

“वेळ जातो ना त्यात.”

“पेन्सिल चालू व्हायला किती वेळ लागतो गं?” असं म्हणून त्या गेल्या.

मी हसले, पण साहेबांना दिलेल्या अहवालात सातवा मुद्दा घातलाच आहे: नवी यंत्रणा सुरू झाल्यावर कागदी वही बंद करावी. माणूस लिहिण्यात अडकलं की टाइप करायला उशीर होतो. १०.५२ ची ती नोंद माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबांचे शब्द: चहा. आईनं ‘च’ दिल्यावर.

८ नोव्हेंबर

आज सर्व्हर नव्या पेटीला पहिल्यांदा जोडला आणि डिस्कची यादी मागितली. पडद्यावर चार डिस्क. साहेब मागे उभे होते.

“मागवली एकच होती ना? चार पाठवल्या वाटतं. आता काही बोलू नका, ठेवून घ्या.”

साहेबांना समजावताना पुरेवाट झाली. डिस्क एकच. चार रस्त्यांनी बघितली म्हणून चारदा दिसते. यंत्राला बिचाऱ्याला वाटतं, चार वेगळ्या आहेत. नवखा माणूस चौघींवर वेगवेगळं लिहायला बसतो आणि स्वतःचंच लिखाण स्वतः पुसून टाकतो. ते होऊ नये म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम बसवतात. तो प्रत्येक डिस्कला तिचा जन्मक्रमांक विचारतो, आणि ज्यांचा क्रमांक सारखा त्या सगळ्या एकच, असं धरतो.

प्रोग्रॅम बसवायच्या आधी मी तो क्रमांक हातानं विचारून बघितला. तेहतीस अक्षरं. पहिल्या रस्त्यानं विचारला, लिहून घेतला. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. अक्षर न् अक्षर तेच. हे मला आधी ठाऊक होतं, शिकवलेलंही होतं, तरी अंगावर काटा आला. कुठूनही या, मी तीच आहे, असं ती अंधाऱ्या पेटीतली वस्तू चार वेळा शांतपणे सांगत होती.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? माहेरी मी धाकटी, सासरी थोरली, शेजारी लाईनमनची बायको आणि तुला आई. चौघीजणी झाल्या. भांडी मात्र एकटीच घासते.”

११ नोव्हेंबर

खरं काम अजून जुन्या यंत्रावरच आहे, म्हणून आज धाडस केलं. नव्यावर एक भलीमोठी फाइल कॉपी करायला लावली आणि मध्येच एक केबल उपटली.

पुढे सरकणारा आकडा थांबला. मी बाबांसारखी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचाला आकडा परत चालू. फाइलीत एका अक्षराचा फरक नाही. यादीत दोन रस्त्यांपुढे ‘निकामी’, दोन रस्त्यांपुढे ‘चालू’. केबल परत लावली, तर कोणी न सांगता यंत्रानं निकामी रस्ते आपणहून चाचपले आणि परत कामाला लावले. बंद पडलेल्या रस्त्याला ते सोडून देत नाही. दर पाच सेकंदांनी तिथं जाऊन बघतं, आहेस का म्हणून विचारतं.

अर्धा तास मी नुसती केबल काढत आणि लावत बसले होते. कोणी बघितलं असतं तर हिचं डोकं फिरलं म्हणालं असतं. माणसांनी हे बांधलं आहे, यावर विश्वास बसत नाही. कुठल्या तरी टेबलापाशी बसून कोणी तरी विचार केला असेल की उद्या कोणाची तरी केबल सैल होईल.

१४ नोव्हेंबर

चारही रस्ते एकदम गेले तर काय करायचं, हे यंत्राला आधी सांगून ठेवावं लागतं. पर्याय दोनच. लगेच हात वर करायचे आणि जमत नाही म्हणून सांगायचं. किंवा हातातलं काम तसंच हातात धरून थांबायचं, रस्ता येईपर्यंत.

जुन्या यंत्राला पहिला पर्याय दिलेला होता. मीच दिला होता. रस्ता गेल्याबरोबर त्यानं हातातलं टाकलं, फाइली अर्धवट राहिल्या, आणि अकरातली आठ मिनिटं त्या दुरुस्त करण्यात गेली. या वेळी मी ‘थांब’ लिहिलं. दहा मिनिटांपर्यंत थांब, काही टाकू नकोस.

संध्याकाळी बाबांना खिडकी उघडायला हवी होती. हात खिडकीकडे, तोंड उघडं, कपाळाला आठ्या. माझ्यानं राहवलं नाही. “खिडकी,” मी म्हटलं. बाबांनी हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं.

आई म्हणाली, “दर वेळी शब्द हातात काय देतेस? थांब की जरा.”

१६ नोव्हेंबर

बाबांना भेटायला समोरचा शिंपी आला होता. आई त्याला सांगत होती, “यांना खाली पडलेलं बघितलं आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण गाडी लगेच आली हो. आलीच म्हणजे.” हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि माझ्यासमोर जरा मोठ्यानं सांगते असं मला वाटतं. चोराच्या मनात चांदणं. तिला सगळं कळलं आहे आणि ती माझ्यावर पांघरूण घालते आहे. आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांचे शब्द: नाही. (दोनदा. औषधाला.)

१९ नोव्हेंबर

साहेबांसाठी सगळ्या जोडणीचा नकाशा काढला. मोठा कागद होता, म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर पसरला. दोन सर्व्हर, दोन स्विच, दोन तोंडांची पेटी, निळ्या आणि लाल रेघा. इतका देखणा झाला की बाबांना दाखवावासा वाटला.

बाबा चौतीस वर्षं लाईनमन होते. मी शाळेत असताना ते मला खांबांचे नकाशे दाखवायचे आणि म्हणायचे, लाईन कुठं जाते ते कोणीही सांगेल, कुठून निघते ते आधी बघ. आता तेच नकाशावर वाकले. उजवा हात उचलत नाही म्हणून डाव्या हाताचं बोट फिरवत होते. निळ्या रेघेवरून गेलं, लाल रेघेवरून गेलं. मी कौतुकानं सांगत होते: हा एक रस्ता, हा दुसरा, हा गेला तर हा.

बोट स्विचवरून खाली उतरलं, कागदाच्या तळाशी, जिथं मी विजेची रेघ काढली होती. तिथं टेकलं. “एक,” बाबा म्हणाले.

मी वाट बघितली. आता दोन, तीन, चार येणार, चार रस्ते मोजतायत. पण पुढे काही येईना. “एक,” परत म्हणाले, जरा रागानं, आणि बोट कागदावर आपटलं. मी म्हटलं, “दोन... म्हणा, दोन.” त्यांनी मान हलवली आणि कागद लोटून दिला.

मॅडमना सांगायला हवं. मोजण्याची वाटही आता अडायला लागली की काय?

२१ नोव्हेंबर

सकाळी नऊला खरं काम नव्या यंत्रणेवर आणलं. समोर कोणाला कळलंही नाही. वहीवाल्या बाईंना वही बंद करायचा कागद सोमवारच्या चाचणीनंतर मिळेल.

२४ नोव्हेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चाचणी मीच मागितली होती. चालू कामात, सगळ्यांसमोर, एक स्विच मुद्दाम बंद करायचा आणि काही होत नाही हे दाखवायचं. साहेब आले, त्यांच्यासोबत वरच्या कचेरीतले दोघे. केबल काढण्यापेक्षा वीजच काढू म्हटलं, जास्त खरं वाटेल. इमारतीच्या वायरमनला भिंतीवरचं बटण दाखवलं. “पहिल्या स्विचचं,” मी म्हटलं. त्यानं दाबलं.

दोन्ही स्विच विझले.

भिंतीवर पॉइंट दोन आहेत. दुसऱ्यात पाणी तापवायची किटली असते. खोकी उघडली त्याच दिवशी मी दोन्ही स्विचच्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या होत्या, तात्पुरत्या. तात्पुरत्या म्हणजे एकोणीस दिवस. दोन स्विच, दोन तोंडं, चार रस्ते, आणि सगळ्यांच्या मुळाशी एक पिन.

बटण लगेच परत दाबलं, पण स्विच उठायला अडीच मिनिटं घेतो. मी पडद्यापाशी उभी होते. चार रस्ते, चारही निकामी. सर्व्हर मात्र हात वर करेनात. दोघंही आपापलं काम हातात धरून गप्प उभे होते, मी सांगितलं होतं तसे. अडीच मिनिटांनी पहिला रस्ता उजळला, मग दुसरा, मग सगळे, आणि अडलेल्या नोंदी एकामागून एक आत गेल्या. एकही हरवली नाही. वरच्या कचेरीतले दोघे एकमेकांकडे बघत होते आणि मी रडत होते. कशासाठी, ते धड सांगता येत नाही. लाज होतीच, पण त्याहून जास्त काही होतं. मी चुकले होते, आणि तरीही ते थांबलं होतं.

साहेबांना म्हटलं, चूक माझी आहे, चार दिवस द्या. ते म्हणाले, “शुक्रवारपर्यंत. आणि किटली आधी हलवा.”

मग समोरच्या खोलीत धावले. अडीच मिनिटांत चार फोन आले होते. चारही गाड्या निघालेल्या होत्या. बाईंचा पडदा गोठल्याबरोबर त्यांनी पेन्सिलीनं लिहून घेतलं होतं आणि वायरलेसवरून गाड्यांना पत्ते सांगितले होते. आता त्या वहीत बघून टाइप करत होत्या. मी खांद्यावरून बघत होते. वहीत लिहिलेलं, ११.१७. पडद्यावर उमटलं, ११.२३.

“बाई, वेळ चुकते आहे.”

“चुकणारच. टाइप करते तेव्हाची वेळ घेतं ते. खरी वेळ वहीत.”

मी खुर्चीवर बसले. आठवड्यापूर्वी काय, दोन महिन्यांपूर्वी काय, मी कधीही त्या वहीत डोकावले नव्हते. “सव्वीस सप्टेंबरचं पान बघायचं आहे,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. “ती वही भरली. कपाटात आहे, किल्ली घरी. उद्या आणते.”

संध्याकाळी घरी टेबलावर तो नकाशा तसाच पडलेला दिसला. तळाशी मीच प्रामाणिकपणे काढलेली विजेची एकुलती एक रेघ होती. तिच्यावर बाबांच्या बोटाचा डाग, वरणाचा नाही, औषधाचा. एक. बाबा अडले नव्हते. त्यांना जेवढं म्हणायचं होतं तेवढं त्यांनी म्हटलं होतं, दोनदा, आणि मी त्यांना पुढचा आकडा शिकवत होते.

२५ नोव्हेंबर

पान बघितलं. जसंच्या तसं उतरवते.

‘१०.४४. शिंप्यासमोरचं घर, तळमजला. लाईनमन, वय ७१. तोंड वाकडं, बोलणं बंद. बायकोचा फोन. १०.४५ गाडी सात निघाली. १०.५३ पोचली.’

एका मिनिटात गाडी सोडली. पडदे काळे असताना, एका पेन्सिलीनं. १०.५१ ला यंत्र उठलं, मिनिटाभरात बाईंनी ते टाइप केलं, म्हणून सिस्टिमनं लिहिलं १०.५२. एका मिनिटात गाडी कशी पोचेल, हा प्रश्न मला, सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला, दोन महिन्यांत पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“तुम्ही सांगितलं का नाही मला?”

“तू विचारलंस का? मला वाटलं, घरच्यांनी सांगितलं असेल.” मग बाई म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं गं ते तुझे वडील. दुसऱ्या दिवशी कळलं. लिहिताना कोणाचं कोण ते कुठं कळतं? लिहायचं आणि गाडी सोडायची.”

त्या पानावर त्या अकरा मिनिटांतले नऊ फोन आहेत. अक्षर कुठंही हललेलं नाही. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसले. यंत्र बघून मी भारावते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून माझी थट्टाही होते. पण या पानावरच्या ओळी मी बोट ठेवून परत परत वाचल्या. सव्वीस वर्षं, रोज, काही बिघडलेलं नसतानाही आधी वहीत लिहायचं. कशासाठी, तर एखाद्या दिवसाच्या अकरा मिनिटांसाठी. दर पाच सेकंदांनी बंद दार चाचपणारं माझं यंत्र आणि या बाई, यांच्यात कोण कोणाकडून शिकलं असेल?

सातवा मुद्दा खोडला. त्या जागी लिहिलं: दोन नव्या वह्या आणि एक डझन पेन्सिली.

२८ नोव्हेंबर

दुसरी चाचणी. स्विच आता दोन वेगळ्या बोर्डांवर, बोर्ड दोन वेगळ्या लाईनींवर, आणि लाईन कुठून निघते ते मी वायरमनला घेऊन मीटरपर्यंत चालत जाऊन बघितलं. किटली जिन्याखाली गेली आहे.

अकरा वाजता बटण दाबलं. एक स्विच विझला. समोरच्या खोलीत बाई कोणाला तरी म्हणत होत्या, “घाबरू नका, पत्ता सांगा,” आणि टाइप करत होत्या. वाक्य मोडलं नाही. मी पाच मोजले. मग तो स्विच चालू करून दुसरा बंद केला. मग चालू सर्व्हरच बंद केला. दुसऱ्यानं काम उचललं.

काहीच झालं नाही. वरच्या कचेरीतले दोघे जरा हिरमुसले, बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून. पंधरा मिनिटांत गावात सहा गाड्या निघाल्या, सहा घरांतल्या कोणालाही कळलं नाही की त्यांच्या फोनच्या खालून रस्ता काढून घेतला होता आणि दुसरा सरकवला होता. आयुष्यात इतकं मोठं काही न झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती शेंगा मोडत बसली होती.

“त्या दिवशी तुझे तिन्ही फोन मी कट केले. आमचं यंत्र बंद पडलं होतं. मला वाटत होतं, गाडी माझ्यामुळे उशिरा आली.”

“गाडी लगेच आली. किती वेळा सांगितलं.”

“मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतेस.”

“खोटं बोलून समजूत घालायला तू काय लहान आहेस?” तिनं दोन शेंगा मोडल्या. “उशीर झाला तो आधीच. तुला लावत बसले. एकदा, दोनदा, तीनदा. तू उचलशीलच, असं धरून चालले होते.”

“मी उचलायला हवा होता.”

“हवा होता,” आई म्हणाली. “आणि मी तिकडं आधी लावायला हवा होता. दोघींचं चुकलं. डॉक्टरांना मी विचारलं होतं, तीन मिनिटांनी काय झालं असेल. ते म्हणाले, सांगता येत नाही. मग मी विचारायचं सोडून दिलं. घे, या एवढ्या मोड.”

शेंगा मोडल्या. मग फोनपाशी मोठ्या अक्षरांत कागद लावला: आधी कंट्रोल रूम, मग समोरचा शिंपी, मग मी. आई म्हणाली, तिसरा नंबर लागलाय तुझा, सांभाळून राहा.

संध्याकाळी बाबांपुढे नवा नकाशा पसरला. त्यांनी डोळ्यांना हात लावला, म्हणजे चष्मा. डावं बोट निळ्या-लाल रेघांकडे गेलंच नाही, सरळ तळाशी गेलं. “एक,” म्हणाले. बोट सरकलं. “दोन.” तिथं थांबले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी लहानपणी पहिला फ्यूज बांधला होता तेव्हा डोलावली होती, तशी.

मग आईनं चहा आणला. बाबांनी सावकाश प्यायला, थोडा सांडला, आईनं पुसला. कप उचलून नेल्यावर मी पेन्सिलीनं नकाशाच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन काढला आणि त्याला कुठलीच रेघ जोडली नाही.

“ही आमच्या बाईंची वही,” मी म्हटलं. “हिला वीज लागत नाही. तुमच्यासाठी गाडी हिनं आणली.”

बाबा त्या चौकोनाकडे बघत राहिले. तोंड उघडलं. काही येईना. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, परत मिटले. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो दिला नाही. बाहेर कोणाची तरी सायकल गेली, स्वयंपाकघरात नळ बंद झाला, आणि आई दारात येऊन उभी राहिली. आम्ही दोघी थांबलो.

“तीन,” बाबा म्हणाले.

आजची नोंद: तीन. मोजत आला नाही. थेट आला.